सरदारांचा झोपाळा

निळवंडीच्या पागेत आता ट्रॅक्टर उभा असतो. पण जुनी माणसं अजून सांगतात, हैबतराव सरदार एकापुढे एक दोन घोडे जोडून बग्गी हाकायचे, तेव्हा रस्ता दुतर्फा माणसांनी फुलायचा.

एका दसऱ्याला सरदारांनी आजोबांच्या वेळचा, चांदीच्या फुलांचा लगाम बग्गीसाठी बाहेर काढायला लावला. कोचवान इमामभाई घाबरला. मागचा घोडा निदान बग्गीच्या दांड्यांत असतो. पुढच्याला आवरायला फक्त लगामाच्या लांब वाद्या. त्या तुटल्या की घोडा थेट गर्दीत. आणि या वाद्या तर पार भेगाळल्या होत्या. त्यानं तसं सांगितलं.

"आजोबांच्या लगामाला नावं ठेवतोस? हत्तीला आवरेल तो!" सरदार गरजले.

थोरल्या बहिणीनं, आक्कासाहेबांनी, हे ऐकलं. भावाशी वाद घालणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. जेवण झाल्यावर सरदार झोपाळ्याकडे आले, तर पितळी कड्या गायब! झोपाळा त्याच वाद्यांवर टांगलेला.

"हे काय, आक्का?"

"बसा की. हत्तीला आवरणारा लगाम आहे. तुम्ही काय हत्तीपेक्षा जड?"

सरदारांनी भेगांवरून अंगठा फिरवला आणि उभ्यानंच विडा चघळत राहिले.

"बसत का नाही?"

"पडलो तर?"

"तुम्ही पडलात तर खाली गालिचा आहे, आबा. रस्त्यावर लोकांची पोरं असतात."

संध्याकाळी बग्गी साध्या, नव्या लगामावर निघाली. माडीवरून पाहणाऱ्या आक्कासाहेबांना ती इतकी ऐटदार कधीच वाटली नव्हती.