आपलं-परकं ओळखणारी बंदूक

रायाजीराजांनी बंदुकीला पेटत्या वातीचा तोडा टेकवला, पाच गोळ्या एकदम सुटल्या आणि समोरचा कोहळा सोडून बाकी सगळ्याला लागल्या.

एक नगाऱ्यात शिरली. दुसरीने मांडवाची दोरी तोडली, तसा मांडव वाजंत्र्यांवर बसला आणि आतून सनई रडल्यासारखी वाजत राहिली. कारभारी भिकाजीपंतांची पगडी उडून थेट विहिरीत पडली. उरलेल्या दोन गोळ्या राजांच्या हुक्क्यात सापडल्या.

कोंबडीच्या पंजासारख्या पाच नळ्या फाकवलेली ही ‘पंचमुखी’ राजांच्याच डोक्यातून निघाली होती. त्यांना असला नादच होता. मागे त्यांनी उंटाच्या पाठीवर बंदूक बसवली, तर पहिल्याच बाराला उंट जो पळाला तो अजून आलेला नाही. मग हातातल्या काठीत बंदूक दडवली, आणि फिरायला गेल्यावर स्वतःच्याच जोड्याला गोळी मारली.

पंचमुखी घडवली होती पिराजी लोहाराने. भिकाजीपंत उघड्या डोक्याने राजांच्या कानाशी वाकले.

“सरकार, नेम तुमचा चुकेल होय? पोरगा फितूर आहे. मुद्दाम नळ्या वाकड्या बसवल्यात.”

राजे लालबुंद झाले. “काय रे पिराजी, तुझी बंदूक आमच्याच माणसांवर उठते?”

“बंदुकीला काय कळतंय सरकार, आपलं कोण नि परकं कोण?”

“मग कळणारी बनव! वैऱ्याला मारेल, आपल्या माणसाला मारणार नाही, अशी. खंडेनवमीला शस्त्रपूजेत हजर कर. नाही जमलं, तर कोहळा तुझ्या डोक्यावर ठेवू आणि पंचमुखी आम्ही झाडू.”

पिराजीचं डोकं जरा गरमच. तो बोलून गेला, “बनवतो की. त्यात काय एवढं!”

घरी येईपर्यंत त्याची फुशारकी उतरली होती. थोरली बहीण भिवरा भाता ओढत बसली होती. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. त्याने सगळं सांगितलं, तशी ती खो-खो हसायला लागली.

“आक्का, माझं डोकं जाणार आहे!”

“तू होकार दिलास तेव्हाच गेलं ते. राजांचा नेम कसा आहे?”

“कोहळा सोडून सगळ्याला लागतं.”

“आणि कोहळा तुझ्या डोक्यावर. म्हणजे कोहळा वाचेल.” मग त्याचा चेहरा बघून तिने हसू गिळलं. काजळीच्या हातानेच त्याचे डोळे पुसले, तर तो आणखी काळा झाला. “गप रे. मी आहे ना. जेव आधी.”

आक्का ‘मी आहे’ म्हणाली, की पिराजीला भूक लागायची. तो चार भाकऱ्या जेवला.

खंडेनवमीला शस्त्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. भिवराने शेल्यात गुंडाळलेली बंदूक राजांपुढे धरली. बंदुकीच्या घोड्यापासून नळीपर्यंत सगळी पितळी फुलांची नक्षी होती.

“ठासून भरली आहे, सरकार. हिला तोडा लागत नाही. नुसता हुकूम करा. समोर वैरी असेल तरच उडेल.”

राजांनी बंदूक उचलली आणि नेम धरला तो नेमका भिकाजीपंतांवर. पंत खांबामागे गेले.

“पंत, लपता का?” भिवरा म्हणाली. “ही फक्त वैऱ्यालाच मारते हो.”

सगळा दरबार बघायला लागला. पंत घाम पुसत बाहेर आले.

“झाड!” राजे ओरडले. बंदूक गप्प.

पंतांचा जीव भांड्यात पडला. “वा सरकार! अस्सल बंदूक! किती अचूक ओळखलं!”

मग राजांनी सेनापतींवर धरली, कोठाऱ्यावर धरली, आचाऱ्यावर धरली. ज्याच्यावर धरली तो आधी पांढरा पडला आणि मग बंदुकीचं तोंडभर कौतुक करू लागला. शेवटी नळी पिराजीच्या छातीकडे वळली. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघून डोळे मिचकावत होती.

“झाड!”

बंदूक गप्प.

“म्हणजे पिराजीही आपलाच,” राजे म्हणाले.

“छे छे, सरकार,” पंत पुढे धावले, “बंदूक बिघडलेली आहे!”

“असं?” भिवराने मान तिरकी केली. “मग मघाशी तुमच्यावर धरली, तेव्हाही बिघडलेलीच होती का?”

पंत पुन्हा खांबामागे सरकले.

राजे मात्र जन्मभर बंदुकांत खेळलेले. त्यांनी पितळी फुलांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. नळीच्या बुडाशी जे बारीक भोक असतं, ज्यात चिमूटभर दारू भरून ती पेटवतात आणि बार काढतात, ते कुठेच लागेना. त्या भोकाला कान म्हणतात.

“पोरी, हिला कानच नाही!”

पिराजीने डोळे मिटले.

“नाहीच, सरकार,” भिवरा म्हणाली. “कान असला की कुणीही येऊन भरतो. आणि एकदा कान भरले, की समोर आपला आहे का परका, हे कळतच नाही. मग ती बंदूक असो, नाहीतर...”



“नाहीतर?” राजे डोळे बारीक करून म्हणाले.

“नाहीतर तोफ, सरकार. आणखी कोण असणार?”

राजांनी आधी मिशी दाबली, मग पोट दाबलं, पण हसू काही दबेना. ते असे हसले, की शस्त्रांवरच्या माळा घसरल्या. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी भिवराच्या हातात घातलं.

“आणखी काय हवं, बोल.”

“पंचमुखी द्या, सरकार. पाच नळ्यांच्या पाच फुंकण्या होतील. चूल तरी नीट पेटेल.”

“दिली! आणि पिराजी, उद्यापासून आमच्या शस्त्रागाराचा मुख्य तू.”

एवढ्यात भिकाजीपंत हळूच राजांच्या कानाशी वाकले. “सरकार, जरा खाजगीत...”

राजांनी पटकन दोन्ही कानांत बोटं घातली आणि पुन्हा हसत सुटले.