साळिंदर गुरुजींचे इंग्रजी

जंगलातल्या जनावरांना इंग्रजीची हौस आली, त्या काळची ही गोष्ट. साळिंदर गुरुजींनी शाळा काढली. गुरुजींच्या पाठीवर काटे भरपूर होते, कणा तेवढा नव्हता.

एकदा त्यांनी मातीत लिहिले, 'टायगर ईट्स डिअर.' म्हणाले, "जो करतो तो कर्ता, ज्याला भोगावे लागते ते कर्म. सांगा बघू."

"वाघ कर्ता, हरीण कर्म," हरणाचे पाडस खाली बघत म्हणाले. वाघाचा बछडा मिशीत हसला.

मग गुरुजींनी लिहिले, 'हंटर कॅचेस टायगर.'

"शिकारी कर्ता, वाघ कर्म," पाडस म्हणाले.

बछडा गुरगुरला. "आम्ही कर्म? आईला सांगू का, गुरुजी?"

गुरुजींचे काटे थरथरले. वाघिणीचा पंजा त्यांनी लांबून पाहिलेला होता. "छे छे, युवराज. वाघ कुठेही असला तरी कर्ताच. हे पाडसच मठ्ठ आहे." आणि त्यांनी पाडसाला कान धरून उभे केले.

पुढे शिकाऱ्याने पिंजरा लावला आणि आत बकरी बांधली. पाडस म्हणाले, "युवराज, जाऊ नका. शिकारी धरेल."

"मला कोण धरतो? गुरुजींचे ऐकले नाहीस वाटते," म्हणत बछडा आत शिरला. दार धाडकन पडले.

संध्याकाळी गुरुजी तिकडून चालले होते. बछडा गजांमधून रडवेला होऊन म्हणाला, "गुरुजी, आता तरी खरे सांगा. शिकाऱ्याने मला पकडले, यात मी कोण?"

गुरुजींनी आधी वाघीण जवळपास आहे का ते पाहून घेतले. मग अदबीने वाकून म्हणाले, "कर्ताच, युवराज."