नखभर फट

एका डोंगरपायथ्याच्या गावात एक सुतारीण राहायची. नवरा वारला तेव्हा लोक म्हणाले, आता त्याची करवत, वाकस विकून टाक. पण तिनं हत्यारं विकली नाहीत, हातात घेतली. पदरात एक लहान मुलगी होती. तिचं पोट कसं भरायचं ही काळजी रात्रंदिवस मागे लागलेली. म्हणून सासऱ्याकडून ती काम शिकली.

सासऱ्यानं एक गोष्ट तिच्याकडून अगदी घोटून घेतली होती. "पोरी, चढ म्हणजे काय? किती पुढे गेलो आणि तेवढ्यात किती वर आलो, एवढंच. आपल्या गावच्या छपराला तीन हात पुढे, एक हात वर. पण ते तीन हात खालच्या आडव्या तुळईवर मोजायचे हं. तिरक्या वाशावर मोजलेस तर चढ जास्त होतो आणि डोळ्याला कळतही नाही."

पुढे सासरा वारला. गावानं मुलांसाठी शाळा बांधायला काढली आणि छपराचं काम सुतारणीला दिलं. तिला कोण आनंद झाला!

छपराला सहा कैच्या लागणार होत्या. कैची म्हणजे लाकडाचा मोठा त्रिकोण. खाली तुळई, वर दोन बाजूंनी तिरके वासे. सगळ्या कैच्यांचा चढ सारखा असला की एका बाजूचे वासे एकमेकांना समांतर राहतात, त्यांच्यावरच्या पट्ट्या सपाट बसतात आणि कौलं जागची हलत नाहीत. शिवाय प्रत्येक वाशाला खालून एक टेकू, तोही बरोबर काटकोनात. त्याचं मापही सासऱ्यानंच सांगितलेलं, "काटकोनाला माप उलटं करायचं. वासा तीन पुढे, एक वर. मग टेकू एक मागे, तीन वर."

पाच कैच्या अगदी छान झाल्या. सहावीच्या दिवशी मुलीला ताप भरला. सुतारणीचा जीव घरात, हात कामावर. कधी एकदा संपवते आणि घरी पळते असं तिला झालेलं. त्या घाईत तिनं तीन हात मोजले ते तिरक्या वाशावर.

टेकू आधीच कापून ठेवले होते. पाच कैच्यांत ते चपखल बसले होते. सहावीत मात्र टेकू आणि वाशाच्या कोपऱ्यात फट राहिली. जास्त नाही, नख शिरेल एवढीच.

काय झालं ते सुतारणीला तिथंच कळलं. पण कैची उकलायची म्हणजे अख्खा दिवस जाणार. तिनं इकडेतिकडे पाहिलं, लाकडाची एक ढलपी उचलली, फटीत ठोकली आणि वरून भुसा चोळून टाकला. मग घरी गेली.

शाळा उभी राहिली. गावातल्या म्हाताऱ्या कुंभारानं स्वतः थापून, भाजून दोन हजार कौलं दिली होती. महिना झाला नसेल, एक दिवस वारा सुटला आणि एक कौल घसरून मुलांच्या पाट्यांवर आदळलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. नशीब, कुणाला लागलं नाही.

पाटील म्हणाले, "कौलं वाकडी आहेत. म्हाताऱ्याची नजर गेली आता."

"पाटील, पन्नास वर्षं कौलं थापतोय मी," कुंभार म्हणाला.

"म्हणूनच म्हणतो, आता बस झालं. पुढची कौलं शेजारच्या गावाहून आणू."

सुतारीण तिथंच उभी होती. तोंड उघडलं असतं तर त्याच वेळी सगळं मिटलं असतं. पण तिच्या मनात आलं, काम गेलं तर मुलीला काय घालू? ती खाली मान घालून घरी आली.

तिसऱ्या दिवशी ती कुंभाराच्या दारावरून जात होती. म्हातारा अंगणात बसला होता. उरलेली कौलं एकेक करून डोळ्यासमोर धरत होता, बोट फिरवत होता, परत ठेवत होता. मागे त्याची भट्टी अर्धी मोडलेली.

"कुंभारबाबा, हे काय हो?"

"वाकडं कौल शोधतोय गं. सापडत नाही. म्हणजे मला दिसतच नसणार." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "राहिलेली भट्टी उद्या पाडतो. मोकळं अंगण बरं वाटेल आमच्या म्हातारीला."

तेवढ्यात शाळा सुटली. मुलं ओरडत आली, "वाकडबाबा, वाकडबाबा, एक कौल सरळ दाखवा!" आणि सगळ्यांत मोठा आवाज सुतारणीच्याच मुलीचा होता.

सुतारणीला संताप आला. मुलीला मारायला हात वर गेला आणि तसाच खाली आला. कुठल्या तोंडानं मारणार? ती तशीच पाटलांच्या दारात गेली. "सगळ्यांना शाळेत बोलवा. कुंभारबाबांनाही."

गाव जमलं. तिनं शिडी लावली, सहाव्या कैचीतली ढलपी उपटून काढली आणि पाटलांच्या हातावर ठेवली. मग दोरी घेऊन सगळ्यांसमोर मोजलं. पाच कैच्यांत तुळईवर तीन हात, वर एक हात. सहावीत तीन हात भरायच्या आतच एक हात वर.

"कौलं सरळ आहेत," ती म्हणाली. "माझी कैची चुकली. ते मला त्याच दिवशी माहीत होतं."

एक बाई पुटपुटली, "आणि त्याखाली आमची पोरं बसत होती." ते ऐकून सुतारणीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिची स्वतःची मुलगीही तिथंच बसत होती.

कुंभार पुढे आला. "पोरी, चार दिवस माझेच हात मला परके झाले होते," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

सुतारणीनं कैची उकलून नवी केली. कुंभाराची भट्टीही तिनं मुलीला बरोबर घेऊन पुन्हा बांधून दिली. वर्षभर तिला कुणी मोठं काम दिलं नाही. तिनंही मागितलं नाही.

पुढे गावानं पुन्हा कुंभाराकडूनच कौलं घेतली. सुतारीण न्यायला गेली, तर म्हातारा प्रत्येक कौल डोळ्यासमोर दोनदा धरून बघत होता.

"बाबा, आता कशाला? तुमची कौलं सरळच असतात."

"माहीत आहे गं," म्हातारा म्हणाला. "पण सवय लागली."

सुतारणीनं मान खाली घातली आणि कौलं उचलली.

तात्पर्य: आपण झाकलेली चूक दुसऱ्याच्या माथी जाते. पुढे कबूल केली तर छप्पर नीट होतं, पण त्याच्या मनात पडलेली शंका आपल्याला काढता येत नाही. म्हणून फट नखभर असतानाच सांगून टाकावं.