नकटी विहीरआई

फार पूर्वी तांबटांच्या एका गावात एक पाथरवटीण राहत होती. तोंडाने फटकळ, पण हाताने हळुवार. गावच्या विहिरीवर विहीर खोदवणाऱ्या म्हातारीची संगमरवरी मूर्ती होती. तिला सगळे विहीरआई म्हणत. दर दसऱ्याला पाथरवटीण टाकीने तिचे डोळे पुन्हा कोरायची, आणि मगच जत्रा सुरू व्हायची.

पुढे एका भट्टीवाल्याने डोंगरावर तांब्याची मोठी भट्टी घातली. तिचा पिवळट धूर गावावर साचू लागला. चार पावसाळ्यांत विहीरआईचं नाक गेलं आणि अंगावर काळी पुटं चढली. तांबटांना एकच उपाय ठाऊक. त्यांनी भांडी घासतात तशी आई चिंचेने घासली. ती लख्ख झाली खरी, पण तिची बोटंही झिजली.

पाथरवटिणीने कपाळाला हात लावला. तिने सगळ्यांना बोलावून संगमरवराच्या कपचीवर चिंचेचा कोळ ओतला. तो फसफसला.

"आंबट या दगडाला खातं," ती म्हणाली. "आणि भट्टीचा धूर पाऊसच आंबट करतोय."

पावसाने दगड सगळीकडेच झिजतो, असं म्हणून भट्टीवाला हसला. मग तिने एकाच दगडातून दोन कमळं कोरली. एक विहिरीवर ठेवलं, दुसरं डोंगरापलीकडे माहेरच्या अंगणात, जिथे धूर पोचत नव्हता. पावसाळा सरल्यावर दोन्ही शेजारी मांडली. माहेरचं जसंच्या तसं होतं. गावातल्याच्या पाकळ्या बोथट झाल्या होत्या.

दसरा आला. भट्टीवाल्याने बजावलं, काळ्या दगडाची नवी मूर्ती घडव, नाहीतर गाव सोड. पाथरवटिणीने टाकी आईच्या मांडीवर ठेवली आणि पायरीवर बसली.

"धूर थांबेपर्यंत डोळे कोरणार नाही. काळा दगड टिकेल हो, पण पाऊस याच विहिरीत पडणार. आई झिजली ते दिसलं. पोरं खोकतात ते कुणाला दिसतं?"

जत्रा अडली. लोक चिडले, कुजबुजले. मग एक म्हातारी तांबटीण तिच्याशेजारी येऊन बसली. हळूहळू पायऱ्या भरल्या. भट्टीचं तांबं घ्यायचं नाही, जुनी भांडी वितळवून काम भागवायचं, असं तांबटांनी ठरवलं. घेणारंच कुणी उरलं नाही, तेव्हा भट्टी विझली.

त्या दिवशी पाथरवटिणीने डोळे कोरले. लोक म्हणाले, आता नाकही बसव.

"नाही," ती म्हणाली. "पोरं विचारतील, आईचं नाक कुठे गेलं? तेव्हा खरं सांगा."

तात्पर्य: झीज दिसली की ती घासूनपुसून लपवू नये, ती जिथून येते तिथेच तिला अडवावं.