जानू ढेब्याचा थांबलेला डाव

पठारावर मोटार चढायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा खडकमाचीत गवळी धनगरांची घरं होती, दारोदार म्हशी होत्या, आणि उन्हाळ्यात म्हशींना पाण्यासाठी पठारापलीकडचं एकच तळं होतं. त्या तळ्याच्या वाटेवरच साहेब लोकांनी गोल्फचा क्लब काढला.

पठारावर ठिकठिकाणी खळगे खणले, खळग्यापाशी निशाणं रोवली. काठीने चेंडू मारत एकेका खळग्यात घालायचा आणि पुढे जायचं. कातळावर हिरवळ टिकत नाही, म्हणून खळग्याभोवती तेल पाजलेली वाळू थापायचे. दर वैशाखात चषकाचे सामने व्हायचे, आणि जिंकणाऱ्याचं नाव क्लबातल्या सागवानी फळीवर सोनेरी अक्षरांत लिहायचे.

त्याच वाळूवरून म्हशी तळ्यावर जायच्या. खुरांचे ठसे उमटायचे, कधी शेणही पडायचं. साहेब चिडायचे. शेवटी क्लबाने ठरवलं की मैदानाला तारेचं कुंपण घालायचं. खांब आले, तार आली. गावाच्या तोंडचं पाणी पळालं, कारण दुसरीकडे उतरायचं तर दरीच होती.

गावचे कारभारी भागूजी क्लबाच्या कप्तानाकडे गेले. हा कप्तान तांबड्या मिशांचा होता आणि नियमाला फार पक्का होता. तो म्हणाला, "तुमचा माणूस यंदा चषकात उतरू दे. जिंकला तर वाट राहील. हरला तर कुंपण."

गावाने जानू ढेब्याला उभं केलं. जानू कप्तानाचीच काठ्यांची पिशवी वाहायचा. म्हशी वळताना तो काठीने दगड असा टोलवायचा की चुकार म्हशीच्या तोंडापुढे पडावा, पण तिला लागू नये. असं म्हणतात, एकदा त्याने मारलेला चेंडू दरीवर गेला आणि खाली आला तेव्हा ढगाने ओला झाला होता.

जानू एकेकाला हरवत गेला आणि शेवटच्या दिवशी कप्तानासमोर आला. भर दुपारी दोघं शेवटच्या खळग्याशी पोचले. जानू एका टोल्याने पुढे होता. आता एक टोला नीट बसला की चषक त्याचा, वाट गावाची.

पण त्याचा चेंडू दगडावर आपटून बाजूला घरंगळला होता. माणसं तिथे गेली तर कातळावर खड्यांच्या घरट्यात टिटवी बसलेली. तिच्या पोटाखाली ठिपक्यांची चार अंडी, आणि अंड्यांना चिकटून जानूचा चेंडू. टिटवीने त्यालाही पंखाखाली घेतलं होतं.

"हुसकाव की तिला," भागूजी म्हणाले.

"उठली तर अंडी भाजतील, कारभारी. कातळ बघा किती तापलाय."

"अरे, टिटवी ती. अवलक्षणी पाखरू. रात्री ओरडली की घरातलं माणूस जातं."

जानूची भावजय ठकू पुढे आली. "काही बोलू नका त्यांना," ती म्हणाली. "भावजी पाखरं राखतील. मी उद्यापासून म्हशींना त्यांच्या पागोट्यातून पाणी पाजीन."

लोक हसले. जानू हसला नाही. तेवढ्यात तळ्याकडून दुसरी टिटवी आली. तिच्या छातीची पिसं भिजलेली होती. बसलेली एका अंगाने उठली, आलेली दुसऱ्या अंगाने आत सरकली, आणि अंड्यांवर पाण्याचे थेंब गळले.

"वहिनी," जानू हळूच म्हणाला, "हिचा धनीपण आपल्याच तळ्याचं पाणी आणतोय. त्याची वाट मी कशी मोडू?"

ठकू पदर पसरून उन्हाच्या बाजूला उभी राहिली. तिची सावली घरट्यावर पडली.

क्लबाचा चिटणीस कप्तानाला म्हणाला, "तो मारत नसेल तर हरला."

"चेंडू हरवला आहे का?"

"नाही. पंखाखाली पांढरा दिसतोय."

"मग डाव चालू आहे."

"तर तुम्ही मारून संपवा, साहेब."

"मला मारता येत नाही," कप्तान म्हणाला. "त्याचा चेंडू खळग्यापासून माझ्याहून लांब आहे. लांबच्याने आधी मारायचं." आणि त्याने खुर्ची मागवली.

दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही आले. टिटवी बसलेलीच होती. पुढे अंडी फुटली, पिल्लं दगडांआड धावू लागली, पण टिटवी चेंडूवरून उठेना. असं म्हणतात, हे अंडं जरा सावकाश फुटणारं आहे असं तिला वाटलं. ती पावसापर्यंत बसली. मग पठार धुक्यात गेलं, क्लबाला कुलूप लागलं आणि साहेब खाली उतरले.

जिंकलं कोण, हे कुणालाच सांगता येईना. फळीवर त्या वर्षी नाव लागलं नाही. आणि पैज सुटली नाही म्हणून कुंपणही घालता येईना. खांब पडून राहिले, त्यांना वाळवी लागली.

पुढे दर वैशाखात जानू काठी घेऊन तिथे जायचा. दरवर्षी त्याच जागी टिटवी बसलेली असायची. तो पागोटं काढून तिला बघायचा आणि म्हशींमागे निघून जायचा. असं म्हणतात, जानू गेला त्या रात्री साऱ्या पठारावर एकही टिटवी ओरडली नाही. तेव्हापासून खडकमाचीत तिला कुणी अवलक्षणी म्हणत नाही.

साहेब गेले, क्लब राहिला. आता पुण्याहून गाड्या घेऊन लोक खेळायला येतात. फळीवर नावं वाढत चालली आहेत, आणि मधली एक ओळ कोरी आहे. दर वर्षी चषकाआधी तीही इतर ओळींसारखी पुसून लख्ख करतात.

सामन्यांच्या पहिल्या सकाळी कुणी काठी उचलत नाही. क्लबाचा कप्तान शेवटच्या खळग्याशी उभा राहतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि मोकळ्या कातळाला विचारतो, "जानूभाऊ, मारतोस का?"

सगळे कान देऊन उभे राहतात. लांब कुठेतरी टिटवी ओरडते. मग खडकमाचीतली सगळ्यांत म्हातारी बाई सांगते, "बसलीय अजून."

आणि म्हशी त्या वाळूवरून तळ्याकडे निघतात.