आडव्या कुंडीचा तळ

कुंड्या सांगत आणि झाडं निमूट ऐकत, तेव्हाची गोष्ट. एका परसात वालाचं रोप सांभाळणारी एक कुंडी होती. आपला तळ तोच जगाचा तळ, याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती. एके दुपारी बोक्यानं धक्का दिला आणि ती आडवी झाली. कुशीला तडा गेला, पण तो तिनं मनावर घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की रोपाचं मूळ तळाची वाट सोडून कुशीकडे वळतंय.

"कुठं निघालंस?"

"खाली," मूळ म्हणालं.

"खाली तिकडे आहे. आजवर सगळी मुळं माझ्या तळाशीच गेली."

"गेली असतील, आक्का. पण माझ्या टोकात पिठाचे बारीक कण आहेत. ते घरंगळून जिकडे बसतात, तिकडे मला जावं लागतं. आज ते तुमच्या कुशीकडे बसलेत."

"म्हणजे माझ्यापेक्षा चिमूटभर पीठ शहाणं!"

आडव्या कुंडीत पाणी ठरत नव्हतं आणि वर पानं मलूल झाली होती. मूळ तड्यातून बाहेर पडलं आणि जमिनीत शिरलं. पानं पुन्हा तरारली.

पुढे एकदा घरच्या अनसूयाकाकू कुंडी उचलून ठेवायला आल्या. कुंडी जागची हलेना. "राहू दे इथंच," म्हणत त्या आत गेल्या.

"बघितलंस?" कुंडी मुळाला म्हणाली. "मला कुणी हलवू शकत नाही. वजन लागतं त्याला."

"लागतं, आक्का," मूळ म्हणालं आणि आणखी थोडं खाली गेलं.