मांजरवाट

ही गोष्ट इतकी जुनी आहे की तिच्यातल्या नदीने तेव्हापासून दोनदा पात्र बदललं आहे. त्या नदीच्या अलीकडच्या काठावर भातशेती करणारं एक गाव होतं.

गावाची एक रीत होती. सुगी झाली की प्रत्येक घर पुढच्या वर्षीचं बियाणं वेगळं काढी, पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधी आणि गावाच्या सामाईक बीघरात नेऊन ठेवी. मग दार बंद होई. फटींवर माती लिंपली जाई आणि त्या ओल्या मातीवर पाच पंच आपापल्या पंजाचे ठसे उमटवीत. पेरणीच्या मुहूर्तापर्यंत ते दार कुणी उघडायचं नाही. बियाणं घरात राहिलं तर टंचाईत माणूस तेच शिजवून खातो, हे जुन्या लोकांना माहीत होतं. त्यांना उंदीरही माहीत होते. म्हणून त्यांनी बीघराच्या भिंतीत, अगदी तळाशी, वीतभर रुंद भोक ठेवलं होतं. गाव त्याला मांजरवाट म्हणे.

मांजरं गावात पुष्कळ होती. काही चुलीपाशी झोपत, काही पेंढ्याच्या गंजीत. काही दोन घरी जेवत आणि तिसऱ्या घरी चोरी करत.

एका सणाच्या सकाळी पाटलांच्या शिंक्यावरचं दह्याचं मडकं फुटलं. पाटलांनी लगेच पंचांना चावडीवर बोलावलं.

"ज्याचं मांजर असेल, त्यानं त्याच्या गळ्यात लाल धागा बांधावा," ते म्हणाले. "धागेवाल्या मांजरानं नासधूस केली, तर धन्यानं आठ दिवस चावडी झाडावी."

नियम वाईट नव्हता. पण तो ऐकून लोक घरी गेले आणि आपापल्या मांजराकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. दुसऱ्या दिवशी गावात कुणाचंच मांजर उरलं नाही. काल ज्याला मांडीवर घेऊन खाजवलं, त्याच्याबद्दल लोक म्हणू लागले, "हे होय? कुणाचं आहे कोण जाणे. येतं आपलं." खुद्द पाटलांच्या पायाशी त्यांची पांढरी मनी लोळत होती आणि पाटील आढ्याकडे पाहत होते.

धागा बांधला तो एकट्या सगुणाने. सगुणा लोकांच्या मुड्या बांधून द्यायची. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. तिचं एकच शेत होतं आणि बीघरात तिची एकच मुडी होती. तिच्याकडे करड्या पट्ट्यांची, एक कान तुटलेली मांजर होती.

"माझी आहे तर माझी म्हणणार," ती म्हणाली. "त्यात लाजायचं काय?"

झालं. त्या दिवसापासून गावात सांडलेलं सगळं दूध कानतुटीने सांडलं. एकाच सकाळी वरच्या आळीतलं दही तिने खाल्लं आणि खालच्या आळीतले सुके मासेही तिनेच पळवले. सगुणाचे आठ दिवस संपायच्या आत पुढचे आठ दिवस लागत.

"माझ्या मांजरीला पाय चार आहेत की चाळीस?" एकदा तिने झाडता झाडता विचारलं.

"नियम म्हणजे नियम, पोरी," पाटील म्हणाले. त्यांच्या धोतराला पांढरे केस चिकटले होते.

चोऱ्या काही थांबल्या नाहीत. तेव्हा पंचांनी दुसरा नियम केला. ज्याच्या गळ्यात धागा नाही ते मांजर बेवारशी. बेवारशी मांजरं नावेत घालून नदीपलीकडे सोडावीत.

पाटलीणबाई धावत चावडीवर आल्या. "अहो, आपली मनी..."

"आपली म्हणू नकोस!" पाटील दबक्या आवाजात म्हणाले. "मग चावडी कोण झाडणार? मी?"

टोपल्या भरल्या, नाव गेली आणि रिकामी परत आली. कानतुटीच्या गळ्यात धागा होता, त्यामुळे तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

मग पंचांना मांजरवाट आठवली. मांजरंच नाहीत, तर भोक कशाला? त्यांनी ते लिंपून टाकायला सांगितलं.

"माझी मांजर आहे ना अजून!" सगुणा म्हणाली. "तिला आत जाऊ द्या."

"एक मांजर आणि अख्खं बीघर!" पंच हसले. "तुझ्या मुडीला मुंडावळ्याही बांधू का?"

भोक बुजलं. कानतुटी मात्र रोज जाऊन त्या ओल्या लिंपणासमोर बसू लागली, उरलेला कान भिंतीकडे लावून. सगुणाने तिला दोनदा उचलून आणलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच भिंतीला कान लावला. आतून बारीक, अखंड आवाज येत होता, सुपात कुणी भात घोळवावा तसा.

ती तडक चावडीवर गेली. "पाटीलबाबा, दार उघडा. आत उंदीर लागलेत."

"मुहूर्ताआधी दार उघडायचं नाही. वाडवडिलांनी घालून दिलंय ते."

"भोकही वाडवडिलांनीच ठेवलं होतं. ते बुजवताना नाही आठवले?"

"तोंड चालवू नकोस. झाडू चालव."

सगुणाने झाडू ठेवला आणि कोयता घेतला. भर दुपारी, चार माणसांदेखत, तिने मांजरवाटेचं लिंपण फोडलं. "दाराला हात लावलेला नाही," तिने पाहणाऱ्यांना सांगितलं. कानतुटी तिच्या पायांमधून आत शिरलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी चावडीच्या पायरीवर नऊ उंदीर ओळीने पडले होते.

"पाहिलंत?" सगुणाने विचारलं.

"पाहिलं," पाटील म्हणाले. "मांजरीनं चावडी घाण केली. आणखी आठ दिवस."

भोक पुन्हा बुजवावं, हे पंचांनी एकमताने ठरवलं. चिखलात हात कुणी घालायचे, यावर मात्र त्यांचं एकमत झालं नाही. म्हणून ते उघडं राहिलं.

मुहूर्ताचा दिवस आला. दारावरचे पाचही पंजे जसेच्या तसे होते. आत मुड्यांची रास नीट लावलेली दिसत होती. पाटलांनी दोन्ही हातांनी, जोर लावून, आपली मुडी उचलली आणि ते मागच्या मागे पडले. मुडी उशीसारखी हलकी होती. पेंढा जागच्या जागी होता, आत नुसता कोंडा. दुसरी मुडी तशीच, तिसरीही तशीच. भोकाजवळच्या कोपऱ्यातल्या मोजक्या मुड्या तेवढ्या जड होत्या, सगुणाची त्यांतलीच एक. एका मांजरीला जेवढं जमलं, तेवढं वाचलं होतं.

त्या वर्षी निम्म्याहून जास्त शेतं पडीक राहिली. लोकांनी कंदमुळं उकडून दिवस काढले.

मांजरं परत आणायचं ठरलं, तेव्हा पाटील नदीपलीकडे गेले. सोबत सगुणा होती. पलीकडच्या गावात एक बाई अंगणात भात पाखडत होती आणि तिच्या शेजारी पांढरी मनी उन्हात पसरली होती. मनीच्या गळ्यात निळा धागा होता.

"ही आमची मनी," पाटील म्हणाले.

"तुमची?" बाईने सूप खाली ठेवलं. "मग आली तेव्हा गळा मोकळा कसा होता?"

पाटलांनी मनीकडे हात पुढे केला. त्यांनी हाक मारली. मनीने एक डोळा उघडला, त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटून घेतला.

"हिचं एक पिल्लू देते," शेवटी बाई म्हणाली. "पण धागा इथं बांधायचा. माझ्यासमोर."

पाटील खाली बसले. त्यांची जाड बोटं पिल्लाच्या गळ्याशी अडखळू लागली.

"सैल बांधा, बाबा," सगुणा म्हणाली. "मुडी नाही, मान आहे ती."

पिल्लू घरी आलं आणि चौथ्याच दिवशी त्याने शेजारणीचं दूध सांडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा सवयीने झाडू घेऊन चावडीवर गेली, तर पाटील वाकून आधीच झाडत होते. ती पायरीवर बसली. कानतुटी तिच्या मांडीवर चढली.

"तो कोपरा राहिला," सगुणा म्हणाली.

पाटलांनी कोपरा झाडला.

तात्पर्य: ज्याला आपलं म्हणायची आपली तयारी नाही, त्याने आपलं राखावं अशी अपेक्षा धरू नये.